पिवळी कॅसेट

दिवाळीची आवराआवर सुरू आहे. सौ.च्या हुकमावरून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. (पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर माणसाने स्टुलावर चढू नये, हे मला मान्य आहे. तिला मान्य नाही.) जुन्या हजेरीपत्रकांच्या खाली, अगदी तळाशी, एक पिवळी प्लॅस्टिकची वडी सापडली. व्हिडिओ गेमची कॅसेट. वरचं चित्र पुसट झालंय, पण बंदूकवाले दोन जण अजून ओळखू येतात. ती हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मंडळी, ही कॅसेट त्या ट्रंकेत मीच कुलूप लावून ठेवली होती. 1994 साली.

ती गोष्ट सांगायची तर आधी माझ्या लहानपणी जावं लागेल.

साल 1962. आमच्या सांगोल्याला तेव्हा बार्शी लाईटची छोटी गाडी होती. कुर्डुवाडीहून पंढरपूर, तिथून पुढे सांगोला आणि मिरज. पंढरपूर ते मिरज हे रूळ 1927 साली पडले. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत स्टेशनाच्या आवारात शुकशुकाट. तिथल्या लिंबाखाली आम्ही चार पोरं पत्ते कुटायचो. बदाम सात, झब्बू, थोडं मोठं झाल्यावर मेंढीकोट. पैसे नाहीत, काही नाही. हरेल त्याने सगळ्यांना हापशावरून पाणी आणून पाजायचं, एवढाच काय तो जुगार.

आमचे आप्पा एका अडत दुकानात मुनीम होते. त्यांना कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी घरी आले, काही न बोलता माझ्या दप्तरातून पत्त्यांचा जोड काढला आणि चुलीत घातला. मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं वाटण्याइतकं ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईने फक्त एवढंच सांगितलं, "परत हात लावू नगंस."

मी लावला. पत्ते जळाले होते, खेळ कुठे जळतो? दुसऱ्या पोराच्या वस्तीवर, कडब्याच्या गंजीआड, नवा जोड घेऊन आम्ही बसायचो. आणि खरं सांगतो, लपून खेळताना जी मजा आली ती लिंबाखाली कधी आली नव्हती. पण त्या मजेबरोबर आणखी एक गोष्ट आली. घरी गेल्यावर "कुठं होतास?" या प्रश्नाला मी सफाईने खोटं बोलायला शिकलो.

आप्पा असे का वागले, ते मला नोकरीला लागल्यावर कळलं. त्यांच्या चुलत्यांनी तीन पत्तीत अकरा एकर रान घालवलं होतं. दुष्काळी मुलखातलं का असेना, रान ते रान. आप्पांनी ते उभ्या आयुष्यात तोंडाने कधी काढलं नाही. मला वाटायचं, यांना माझा आनंद बघवत नाही. त्यांना दिसत होतं गेलेलं रान.

या भीतीचा इतिहास फार जुना आहे. द्यूताची कथा आपल्याला आईच्या मांडीवरच कळते, ती सोडून देऊ. पत्त्यांचंच बघा. इंग्रजांचे पत्ते येण्याआधी आपल्याकडे गंजिफा होता, गोल पत्त्यांचा. बाबराने 1527 साली सिंधकडे एका शाहला गंजिफाचे पत्ते भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या सावंतवाडीत तर दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगवतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, असे एकशे वीस पत्ते. म्हणजे एकीकडे पत्ते हे घरबुडवे व्यसन आणि दुसरीकडे पत्त्यावर साक्षात मत्स्य, कूर्म, वराह! आपल्या लोकांनी दोन्ही गोष्टी एकाच हातात धरल्या होत्या.

आता गंमत पुढे आहे. पत्ते जपानात नेले पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. तिथे आजही पत्त्यांना 'कारुता' म्हणतात, तो मूळ पोर्तुगीज शब्द. लोक जुगार खेळू लागले म्हणून तिथल्या सरकारने बंदी घातली. लोकांनी वेगळ्या चित्रांचे नवे पत्ते काढले. त्यांच्यावरही बंदी आली, की आणखी नवे. हा लपंडाव दीड-दोनशे वर्षं चालला. त्यातून शेवटी आकडेच नसलेले, फुलांच्या चित्रांचे 'हानाफुदा' पत्ते रुळले. हे पत्ते बनवायला क्योटो शहरात 1889 साली एका कारागिराने दुकान घातलं. त्या दुकानाचं नाव निन्टेन्डो.

होय, तीच ती. पत्ते विकणाऱ्या त्याच कंपनीने 1983 साली टीव्हीला जोडायचं 'फॅमिकॉम' नावाचं खेळाचं यंत्र काढलं. त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्याकडे गल्लोगल्ली आल्या आणि त्यांच्याबरोबर पिवळ्या कॅसेटी. म्हणजे आप्पांनी चुलीत घातलेली वस्तू बत्तीस वर्षांनी रूप पालटून माझ्या घरात आली होती, आणि तिला ट्रंकेत घालायचं काम आता माझ्याकडे होतं.

तो गेम मुलाच्या मामाने मुंबईहून आणला होता. मुलगा दहावीत. मी त्याच तालुक्यात मास्तर. मास्तराचा मुलगा दहावीला आणि घरातून दिवसभर ठ्यां ठ्यां आवाज, लोक काय म्हणतील? दिवाळीच्या सुट्टीनंतर कळलं की गणिताच्या क्लासला म्हणून निघालेले चिरंजीव मित्राकडे बसून हाच खेळ खेळतात. मी पट्टी काढली नाही. आप्पांचाच वारसा चालवला. यंत्र, वायरी, कॅसेट सगळं ट्रंकेत, वर कुलूप, किल्ली जानव्याला. आणि पोराशी अबोला. मात्र आप्पांच्या मागे अकरा एकराचं दुःख होतं. माझ्या मागे काय होतं? बोर्डाच्या यादीत शेजाऱ्याच्या पोराच्या खाली नाव येईल, एवढंच.

त्याआधी एकदा तो मला म्हणाला होता, "दादा, हा दोघांनी खेळायचा गेम आहे. दुसरा रिमोट घ्या ना." मी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

हे वेड आमच्याच घरात होतं असं नाही. 1981 साली इंग्लंडच्या पार्लमेंटात एका खासदाराने 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि तत्सम खेळांवर नियंत्रण आणायचं विधेयक मांडलं होतं. तक्रार काय, तर पोरं शाळा बुडवतात आणि पैशासाठी चोऱ्या करतात. ते थोडक्यात पडलं. चीनने 2000 साली असली यंत्रं विकायलाच बंदी केली, ती उठायला चौदा-पंधरा वर्षं गेली. तेवढ्यात तिथली पोरं संगणकावर खेळून पार झाली होती. आणि आपण तरी? पाठ्यपुस्तकात बाबुराव अर्नाळकर लपवून वाचणारी आमची पिढी. त्या माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच आम्ही पांघरुणाखाली संपवल्या. आता तीच पुस्तकं दाखवून आम्ही नातवंडांना सांगतो, "वाचत जा जरा."

आता कबुली. 1995चा मे महिना. दहावीची परीक्षा झाली होती, सौ. मुलाला घेऊन माहेरी गेली होती आणि मी पेपर तपासायला एकटा घरी. दुपारी पंखा बंद, वीज आली की उकाडा, गेली की जास्त उकाडा. एका दुपारी मी ट्रंक उघडली. काय आहे तरी बघू, म्हणून वायरी टीव्हीला जोडल्या. पहिल्या दिवशी माझा शिपाई अर्ध्या मिनिटात मेला. तिन्ही वेळा. चौथ्या दिवशी मी धबधब्यापर्यंत पोचलो होतो आणि पेपरांचा गठ्ठा तसाच पडला होता. तेव्हा लक्षात आलं की हा नुसता ठ्यां ठ्यां नाही. गोळी कुठून येणार हे लक्षात ठेवावं लागतं, उडी कधी मारायची ते मोजावं लागतं, आणि मेलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या वर्गात एखाद्या पोराने गणिताला इतक्यांदा हात घातला असता तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं. मंडळी यायच्या आदल्या रात्री मी सगळं पुसून परत ट्रंकेत ठेवलं. कुणाला बोललो नाही. यंत्र पुढे भंगारात गेलं, कॅसेट मागे राहिली.

मुलगा आता पुण्यात असतो. त्याचा मुलगा तेरा वर्षांचा. पब्जीवर केंद्र सरकारने सप्टेंबर 2020मध्ये बंदी घातली, नंतर तोच खेळ नव्या नावाने आला, बंद झाला, 2023मध्ये परत आला. जपानी पत्त्यांसारखंच की हे! त्याआधी 2019 साली मुंबईत अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात या खेळाविरुद्ध याचिका केली होती. पोरंच बंदी मागताहेत म्हटल्यावर मी थक्क झालो होतो. हा खेळ आमच्याही घरी भांडणं लावतो. परवा फोनवर मुलगा नातवावर ओरडताना ऐकला, "आमच्या दादांनी तर ट्रंकेत कुलूप लावून ठेवला होता!" अभिमानाने सांगत होता. मला घाम फुटला.

सगळी भीती खोटी असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. मोबाईलवरच्या रमीत पगार घालवलेली तरुण पोरं तर आमच्याच भागात पाहिली, आणि तेव्हा मला आप्पांची अकरा एकरं आठवली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर ऑगस्ट 2025मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, ते बरं झालं. (त्याच्याच आदल्या महिन्यात विधिमंडळात मोबाईलवर रमी दिसल्यावरून आपल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांचं खातं बदललं. आपण खेळत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. नवं खातं मिळालं क्रीडा! असो.) पण त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यताही दिली आहे, आणि 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती. म्हणजे कुठल्या खेळात रान जातं आणि कुठल्यात नुसतीच दुपार, हे बघायला पोराशेजारी बसावं लागतं. मी बसलो नाही. बसलो तो तो घरात नसताना.

कॅसेट सापडल्यावर शेवटी सौ.ला सगळं सांगून टाकलं. ती लाडू वळत होती. म्हणाली, "अहो, ते त्याला तेव्हाच कळलं होतं. वायरीची गुंडाळी तुमच्या हातची होती. मला म्हणाला, दादांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल."

तीस वर्षं! आणि माझ्याआधी तो स्वतः किती वेळा ट्रंक उघडून बसला होता, ते मी तिला विचारलं नाही. किल्ली माझ्या जानव्याला होती खरी, पण मी दुपारी झोपायचो.

पुण्याची मंडळी वसुबारसेला येताहेत. नातू फोनवर म्हणाला, आजोबा, तो जुना खेळ लॅपटॉपवरही चालतो, फक्त रिमोट लागतील. दोन आण, म्हणून सांगितलंय.