मार्ग विचारायचा, आणि पाऊलही टाकायचं : पंडिता रमाबाईंची गोष्ट



कार्तिकी पौर्णिमेला आपल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीसमोर बायांची रीघ लागते. हात जोडून प्रत्येक जण काय मागते? बऱ्याच जणींचं मागणं असतं, "देवा, पुढं काय करू ते सुचव." लेकीला शिकवू की लग्न उरकू? ऊसतोडीला जाऊ की गावात राहू? गटाचं कर्ज उचलू की नको? रविवारी चर्चमध्ये बसलेली ख्रिस्ती बाईही हेच मागते. आज अशा एका मराठी ख्रिस्ती बाईचा इतिहास सांगते. तिनं आयुष्यभर देवाला वाट विचारली आणि शेकडो निराधार मुलींना घर दिलं. तिचं नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. घरदार सोडून हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरायचं. १८७० च्या दशकात दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतांत संपलं होतं. देव काहीतरी करील म्हणून सगळे वाट बघत राहिले. मोलमजुरीची सवय नव्हती आणि लाजही वाटायची. काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं शेकडो मैल पायी हिंडले.

ही भूक त्या कधी विसरल्या नाहीत. श्रद्धा हवीच, पण हाताला काम येत नसेल तर माणूस उपाशी मरतो, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

पुढं कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, नवरा पटकीनं गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना वाटे, आता रमाबाईंनी सांगू तसं ऐकावं. रमाबाईंनी मानलं नाही. देव माझ्या मनाशी बोलतो आणि माझी सदसद्विवेकबुद्धी मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. देवाचा मार्ग म्हणजे कुणा मोठ्या माणसाचा हुकूम नव्हे, हे त्यांनी पत्रांतून ठासून मांडलं.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथं मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत, तरी त्या काळच्या लोकांची शंकाही खोटी म्हणता येत नाही. भरवशानं सोपवलेल्या लेकीचा धर्म बदलेल ही आईबापांची भीती आपल्यालाही कळते.

१८९६ च्या अखेरीला मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाकडे, भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंकडे मोठा पैसा नव्हता. अमेरिकेतल्या मंडळानं शारदा सदनाला दिलेलं मदतीचं वचन फक्त दहा वर्षांचं होतं आणि ते १८९८ मध्ये संपणार होतं. त्यांनी इंग्लंडातल्या जॉर्ज म्युलर यांच्याबद्दल वाचलं होतं. कुणापुढं हात न पसरता, देवावर भार टाकून त्यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली होती. आपल्या देशात असं जमेल का, हा विचार रमाबाईंच्या मनात घोळत होता. उपाशी मुलींची बातमी आली तेव्हा त्या प्रार्थना करून थांबल्या नाहीत, स्वतः दुष्काळी भागात गेल्या. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. शारदा सदन उच्च जातींच्या विधवांसाठी होतं. आता दार सगळ्या जातींना उघडलं.

पण पुण्यात प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारी मनाई आली. मग दौंडजवळच्या केडगावात फळबागेसाठी घेतलेल्या मोकळ्या जमिनीवर त्यांनी मुलींना नेलं. आधी तात्पुरता निवारा, मग विहिरी, मग पक्क्या इमारती. तेच 'मुक्ती सदन'. पुण्याचं दार बंद झालं, त्यातूनच केडगावची वाट निघाली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळानंतर तिथं जवळपास २,००० जणी होत्या.

सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येकीला काम असे. शेती, दूधदुभतं, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना. मनोरमेनं आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कमी शिकलेल्या बाईला समजावं म्हणून त्यांनी सोप्या मराठीत बायबल आणलं. त्याची छपाई मुक्तीतल्या बायांनीच केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावचं काम आजही चालू आहे.

मैत्रिणींनो, आपला धर्म कोणताही असो, या इतिहासात आपल्या कामाचं काही आहे. रमाबाईंना आकाशवाणी झाली म्हणून त्या केडगावला गेल्या नाहीत. समोर उपाशी मुलगी होती, मनाला जे खरं वाटत होतं ते होतं आणि हातात एक जमिनीचा तुकडा होता. एवढ्यावर त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. वर्षभराची खात्री त्यांनाही कुणी दिली नव्हती.

कुणी म्हणालं, "देवाचीच इच्छा आहे, लेकीचं लग्न उरकून टाक," तर घाई करू नका. आधी विचारा, यात भलं कुणाचं? माझं मन काय सांगतं? लेकीच्या हाताला काय येणार आहे? पुढच्या बैठकीत गटात यावर बोला. दुष्काळाच्या वर्षी तुमच्या आईनं किंवा आजीनं कोणता निर्णय घेतला, कशाच्या भरवशावर घेतला, तेही एकमेकींना सांगा. तोही आपला इतिहासच आहे, आणि तो अजून कुणी लिहिलेला नाही.