लीलावतीतला मोर आणि साप

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत गणितावर लेख कशाला, असे कोणी विचारील. पण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या अंकगणिताच्या ग्रंथाचा आरंभच गजाननाच्या वंदनाने होतो. तेव्हा हा विषय बाप्पाच्या दारी परका नाही.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. लीलावती हा त्याचाच पहिला भाग. त्यात नियम आहेतच, पण अनेक नियमांमागोमाग एक गोष्ट येते. भुंग्यांच्या थव्यातले काही कदंबावर जातात, काही दुसऱ्या फुलांवर, एक मध्येच घिरट्या घालत राहतो. तर थवा केवढा? वाऱ्याने ३२ हात उंचीचा वेळू मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? आणि हे विचारताना ‘बाले’, ‘सखे’ अशी हाक. दरडावणी कुठेच नाही.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. ती मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. पण एक गोष्ट मात्र दगडावर कोरलेली आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात नोंद आहे, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापला. त्या लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे आपल्या भाषेच्या आरंभीच्या लेखनातच एका गणिताच्या शाळेची तरतूद लिहिलेली आहे!

आता घरची गोष्ट. माझी धाकटी मुलगी पाचवीत आहे. इथल्या बहुतेक मराठी मुलांसारखी तीही घराबाहेर हिंदीत बोलते आणि इंग्रजीत शिकते. गेल्या वर्षी गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, ही भीती आहे. मी रागावलो, मग माझीच मला लाज वाटली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला लीलावतीतले एक कोडे घातले. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. बिळापासून २७ हातांवरून साप बिळाकडे निघाला, त्याच क्षणी मोराने झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ कुठे पडली?

सूत्र सांगितले नाही. काडेपेट्या दिल्या. फरशीच्या रेघेवर तिने २७ काड्या मांडल्या, काटकोनात ९ काड्यांचा खांब उभारला आणि मोराची वाट काड्यांनी जोडत बसली. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात ओरडली, ‘‘बाबा, बिळापासून बारा! मोराच्या पण पंधरा काड्या आणि सापाच्या पण पंधरा!’’

९, १२, १५. मी राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात आहे, डिप्लोमाधारक. साइटवर पायाची आखणी करताना आमचे मिस्त्री दोरीवर एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट मोजतात. तिरके अंतर ५ भरले की कोपरा काटकोनात. मुलीची त्रिकोणी मांडणी म्हणजे त्याचीच तिप्पट. शाळेत हा सिद्धान्त मी छडीच्या धाकाने पाठ केला होता. कळला तो नोकरीत. तिला तो दहाव्या वर्षी हाताला लागला.

भास्कराचार्य असेही विचारतात, की विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल करून किती मूर्ती होतील? उत्तर २४. आपल्या बाप्पालाही चार हात आहेत. यंदा मंडळाच्या बालस्पर्धांत पाढे पाठांतराबरोबर अर्धा तास अशा कोड्यांना द्यावा, एवढीच विनंती. पाश, अंकुश, दंत, मोदक यांची चित्रे कापून मुलांच्या हाती द्यावीत आणि मांडू द्यावीत. कोडी मराठीत घालावीत. उत्तर चुकले, तरी मोदक मिळावा.

गणपती बाप्पा मोरया!