दख्खनच्या कालव्यांवरील ऊस आणि नत्र



उसाच्या गोष्टी निघाल्या कीं ‘पाणी आणि खत’ हे दोन शब्द आपण एका दमांत उच्चारतों. पण दख्खनच्या कालव्यांचा इतिहास चाळला म्हणजे दिसतें कीं, ह्या दोहोंचें सख्य मोठें नाजूक आहे.

निरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, तो दुष्काळापासून रयतेचें रक्षण व्हावें म्हणून. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. बारमाही पाणी मिळतांच शेतकरी ज्वारी-बाजरी सोडून उसाकडे वळला. परंतु ऊस हें नत्राचें मोठें भुकेलें पीक. नुसत्या शेणखतानें त्याचें भागेना; म्हणून करडई-भुईमुगाची पेंड आली. पेंड हळूहळू कुजते आणि नत्रहि बेताबेतानें देते. जर्मनींत १९१३ सालीं हवेंतील नत्रापासून अमोनिया करण्याचा कारखाना निघाला. पुढें अमोनियम सल्फेटचीं पोतीं आपल्या बांधावर येऊन पडलीं. १९५१ सालीं सिंद्रीच्या कारखान्यांत तें या देशांतच होऊं लागलें. हें खत लवकर लागू पडतें, आणि तितक्याच लवकर हातचें जातें.

कसें, तें पाहा. पाटाचें पाणी बेसुमार दिलें तर नत्र मुळांखालीं झिरपून जातें. जमीन चिबड झाली, तर मातींतील जंतु तें वायुरूपानें उडवून लावतात. पीक पिवळें पडतें. शेतकरी समजतो, खत कमी पडलें, आणि आणखी एक पोतें फोडतो. उशिरां दिलेल्या ह्या नत्रानें पाला माजतो, साखरेचा उतारा मात्र घटतो. खालचें पाणी वर चढून क्षार पृष्ठभागीं येतात, तें निराळेंच. डॉ. हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांनीं निरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवरील आपला ग्रंथ १९१० सालींच प्रसिद्ध केला होता. म्हणजे इशारा पोत्यांच्याहि आधींचा आहे!

१९३२ सालीं पाडेगांवचें ऊस संशोधन केंद्र निघालें. आज आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. पण तें चार हप्त्यांत, आणि मोठ्या बांधणीनंतर मुळींच नाहीं. ह्यांतील आंकडा सर्वांस पाठ असतो, हप्ते मात्र विसरले जातात.

म्हणून पुढचें पोतें फोडण्यापूर्वीं शेतकऱ्यानें सरींतील माती हातभर उकरून पाहावी. ती चिखलासारखी लागली, तर उणीव खताची नसून निचऱ्याची आहे. पिकाची चूक एका हंगामांत सुधारते. खारावलेली जमीन सुधारण्यास वर्षानुवर्षें लागतात.