आधी रेघ, मग गाव

‘टाउनशिप’ हा शब्द ऐकला की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कमान, पहारेकरी आणि पोहण्याचा तलाव असलेल्या इमारतींच्या रांगा येतात. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या शेतकऱ्याच्या लेखी टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा जमिनीचा चौकोन. त्याचे 36 भाग. प्रत्येक भाग, म्हणजे ‘सेक्शन’, एक चौरस मैलाचा, 640 एकरांचा. सेक्शनचा चतकोर 160 एकरांचा. या चतकोरावर अमेरिकेतल्या लाखो कुटुंबांनी आपले नशीब लावले. त्यांतल्या काहींची, कान्सास राज्याच्या ग्रॅहम काउंटीतल्या निकोडेमस टाउनशिपची हकीकत मला सांगायची आहे.

या चौकोनाचा जन्म कर्जातून झाला. इंग्लंडशी स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा नव्या राष्ट्राची तिजोरी रिकामी होती. विकण्याजोगे होते ते पश्चिमेकडचे रान. न पाहिलेली जमीन दूरच्या शहरात बसून विकायची तर तिला नेमका पत्ता हवा. म्हणून 20 मे 1785 रोजी काँग्रेसने जमिनीचा कायदा केला आणि टॉमस हचिन्स या भूगोलतज्ज्ञाच्या हाताखाली ओहायो नदीच्या काठापासून मोजणी सुरू झाली. हत्यार होते गुंटरची साखळी. लांबी 66 फूट. अशा 80 साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. आपला गुंठा म्हणजे 33 फूट लांब-रुंद चौरस, गुंटरच्या साखळीच्या बरोबर अर्ध्या लांबीचा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो याच हिशेबाने. साखळी एकाच घराण्यातली, पण तिने दोन देशांत केलेले काम उलट्या क्रमाचे होते. 1835 नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी केली तेव्हा शेते होती, बांध होते, गावांच्या शिवा होत्या आणि त्यांवरची भांडणेही होती. मोजणीदाराने जे होते त्याला नंबर दिले. अमेरिकेत आधी रेघ आली, मग शेत आणि मग गाव. रेघ नदी पाहत नव्हती, टेकडी पाहत नव्हती, माणसेही पाहत नव्हती. पॉनी, शायेन आणि इतर जमाती बायसनच्या कळपांमागे ज्या रानात फिरत, ते नकाशावर कोरे धरले गेले. ओसाड जमिनीचा सातबारा आधी तयार करून ठेवावा तसा हा प्रकार, फक्त ती जमीन ओसाड नव्हती.

कान्सासची मोजणी 1855 मध्ये सुरू झाली. पायारेषा धरली चाळिसावे अक्षवृत्त, तीच राज्याची उत्तर सीमा. वायव्येकडची ग्रॅहम काउंटी सुमारे तीस मैल लांब-रुंद आहे, म्हणजे मोजणीचे पंचवीस चौकोन. कारभाराच्या टाउनशिपा त्याहून कमी, कारण वस्ती विरळ तिथे चौकोन जोडून घेतले गेले. मधून सॉलोमन नदीची दक्षिण शाखा वाहते. गवताळ, लाटांसारखा उंचसखल प्रदेश; झाडे नदी-ओढ्यांच्या काठापुरती; खाली चुनखडीचा दगड. पाऊस वर्षाला वीस-बावीस इंच, तोही बेभरवशाचा. आपल्या माण-खटावच्या माणसाला तो आकडा ओळखीचा वाटेल.

या चौकोनात 1877 मध्ये जी माणसे आली ती बहुतेक केंटकी राज्यातली, बारा वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम असलेली. गुलामगिरी कायद्याने संपली होती. जमीन मात्र जुन्या मालकांकडेच राहिली होती. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले, ते कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. मुक्त झालेल्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या अर्पणपत्रिकेच्या वाचकाने विचारावा असा आहे. त्याचे एक उत्तर निकोडेमसमध्ये सापडते.

डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-व्यवहारी आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी मिळून गावाची कंपनी काढली. केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये जाहिरात लागली: 5 सप्टेंबर 1877 रोजी पाच डॉलरमध्ये कान्सासला चला. सुमारे तीनशे माणसे रेल्वेने एलिसपर्यंत आली आणि तिथून उत्तरेला पस्तीसएक मैल चालत गेली. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकरांचा चतकोर नाममात्र फीवर मिळत होता. अट पाच वर्षे राहून कसण्याची. पण घर बांधायला लाकूड नव्हते. पहिली घरे म्हणजे उतारात खणलेली बिळे, वर गवत आणि माती. पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी म्हातारपणी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे: निकोडेमस कुठे आहे असे विचारल्यावर नवऱ्याने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवले, आणि त्यांना रडू कोसळले. साठएक कुटुंबे परत फिरली. उरलेल्यांना पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातले मांस दिले, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

त्याच 1878 साली जॉन वेस्ली पॉवेल यांचा कोरडवाहू प्रदेशावरचा अहवाल छापला गेला. शंभराव्या रेखांशाच्या आसपास, वीस इंचांहून कमी पाऊस सुरू होतो तिथून पुढे 160 एकरांचा चतकोर कुटुंबाला पोसणार नाही; कुरणावर जगायचे तर 2,560 एकर हवेत आणि जमिनीची वाटणी पाणी पाहून व्हायला हवी, असे त्यांचे म्हणणे. शंभरावे रेखांश ग्रॅहम काउंटीच्या पश्चिम भागातून जाते. वॉशिंग्टनने अहवाल वाचला आणि चौकोन तसाच ठेवला. माझ्या मते निकोडेमसच्या कहाणीतली मूळ गफलत इथे आहे, माणसांच्या कष्टांत नव्हे.

कारण कष्टांनी बरेच काही साधले होते. 1880 च्या दशकात गावात चर्च, शाळा, हॉटेल, दुकाने आणि दोन वर्तमानपत्रे होती. इथे स्थायिक झालेले एडवर्ड मॅक्‌केब 1882 मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले आणि 1884 मध्ये पुन्हा. टाउनशिप ही नुसती मोजणी नव्हती, ती कर बसवणारी आणि मतदान करणारी संस्था होती. काल ज्यांना विकता येत होते ते आज सार्वजनिक कर्जावर मत देत होते. मार्च 1887 मध्ये टाउनशिपच्या मतदारांनी रेल्वे आणण्यासाठी 16,000 डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली.

मिसूरी पॅसिफिक कंपनीचे रूळ आलेच नाहीत. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकने मार्ग टाकला तो सॉलोमनच्या दक्षिण तीराने. नदीपलीकडे, सहाएक मैलांवर, बोग नावाचे स्टेशन उभे राहिले. निकोडेमसचे व्यापारी दुकाने तिकडे घेऊन गेले. काहींनी इमारतीच ओढत नेल्या. धान्य विकायला बैलगाडीने किंवा घोडागाडीने नदी ओलांडून जावे लागणार असेल तर बाजारपेठ टिकत नाही, हे वाचकाला सांगायला नको. पोटापुरती शेती मात्र चालू राहिली. पुढे 1930 च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी तिचीही परीक्षा पाहिली. पॉवेल यांचा आकडा बाजारानेच अमलात आणला: शेते मोठी होत गेली, शेतकरी कमी. 1953 मध्ये पोस्टही बंद झाले.

पोस्ट बंद झाले तरी टाउनशिपचे सभागृह शाबूत राहिले. 1939 मध्ये सरकारी रोजगार योजनेतून स्थानिक चुनखडीत ते बांधले गेले. आज तिथे राष्ट्रीय उद्यान विभागाचे माहिती केंद्र आहे. जुनी चर्च, शाळा आणि हॉटेलची इमारत धरून पाच वास्तू मिळून 1996 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरल्या आहेत. गावात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच घरे वसती आहेत. पण जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी डेन्व्हर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्नियातून वंशज येतात. मिरवणूक निघते, चर्चमध्ये प्रार्थना होते, सभागृहात पंगती बसतात. या मेळाव्याची मूळ तारीख 1 ऑगस्ट. ती लिंकनच्या जाहीरनाम्याची नव्हे. 1834 साली त्या दिवशी वेस्ट इंडीजमधले ब्रिटिश मळ्यांतले गुलाम कायद्याने मुक्त झाले होते, आणि केंटकीतून आलेल्या माजी गुलामांनी तोच दिवस आपला मानला.