ज्ञानकोशातली बाई काय करते?

ऑनलाइन ज्ञानकोशात एखाद्या देशाच्या किंवा प्रांताच्या संस्कृतीवरचा लेख उघडा. जपान घ्या, नाहीतर आपला महाराष्ट्र. पुरुष लढतात, राज्य करतात, ग्रंथ लिहितात. बाई बहुतेकदा भेटते ती पोशाखाच्या परिच्छेदात: तिकडे किमोनो, इकडे नऊवारी. फार तर ‘मराठी स्त्री कष्टाळू आणि सोशिक असते’ असं एखादं वाक्य.

ही सवय इंटरनेटच्या आधीची आहे. इंग्रजी विकिपीडिया नवा होता तेव्हा १९११ च्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’तले कितीतरी लेख त्यात जसेच्या तसे घेतले गेले, कारण त्यांचा स्वामित्वहक्क संपला होता. त्या आवृत्तीच्या सुमारे १,५०० लेखकांमध्ये बायका होत्या पस्तीसच्या आसपास.

असल्या वाक्यांची परीक्षा कशी घ्यायची, हे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच दाखवलं. आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच नावं ठेवली. ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. बायकांच्या नावावर खपवलेला एकेक दुर्गुण घेतला आणि विचारलं, हा पुरुषांत नाही का?

तीच कसोटी आज लावा. ‘मराठी पुरुष सोशिक असतो’ हे वाचून हसू आलं, तर मूळ वाक्यात माहिती नव्हती, नुसती समजूत होती.

त्या समजुतीत काय काय हरवतं, ते आमच्या उमरग्याकडे दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. भूकंपाच्या वर्णनात बाई असते ती ढिगाऱ्याशेजारी रडणारी. पण पुढच्या काही वर्षांत लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत घरदुरुस्तीची सरकारी योजना राबवली गेली, तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान किती, ते कसं मिळतं, भिंत कशी मजबूत करायची, हे त्या घरोघरी सांगत. इंजिनिअरला गावाचे प्रश्न विचारत. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा इथल्या बायका गुजरातमधल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या.

हे ‘सोशिक’ या शब्दात बसत नाही. सोसणं आणि घर पुन्हा उभं करणं, दोन वेगळी कामं आहेत.

माझा जन्म भूकंपानंतरचा. माझ्या वयाच्या मुलांना किल्लारीचं नाव पाठ असतं, संवाद सहायक हा शब्द मात्र क्वचितच माहीत असतो. ज्ञानकोशाला प्रकाशित आधार लागतो. ऐकीव आठवण तिथे चालत नाही. तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या बायका आता म्हातारपणाकडे झुकल्या आहेत. त्यांचं काम त्यांच्याच तोंडून ऐकून, नावगावासकट मराठीत छापून ठेवायला हवं. नाहीतर पुढचा लेखही त्यांच्या लुगड्यावरच थांबेल.