जोयडा : घरी राहणाऱ्या वृद्धांच्या आरोग्यविषयक गरजा

गोव्याच्या सीमेला लागून असलेला जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. त्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. कुणबी व अन्य समाजांच्या वाड्या जंगलात विखुरलेल्या असल्याने तेथील वृद्धांच्या आरोग्याचा प्रश्न मुख्यतः अंतराचा आहे.

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत, तेही मेंदूचे सीटी स्कॅन झाल्यावरच देता येते. जोयड्याहून कारवार गाठण्यासाठी अणशी घाट उतरावा लागतो. म्हणून रक्तदाबाची गोळी न चुकविणे आणि पावसाळ्यापूर्वी औषधांचा पुरेसा साठा घरात ठेवणे, हाच मोठा बचाव ठरतो. तोंड वाकडे होणे, एका हातातील शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे, यांपैकी काहीही दिसताच १०८ क्रमांकावर कळवावे.

दुसरा धोका पडण्याचा. ओले अंगण, उंच उंबरठा आणि रात्रीचा काळोख वृद्धांना घातक ठरतात. न्हाणीघरात धरण्यास दांडी बसवावी, वाटेवर दिवा असावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळीच केल्यास दृष्टी सुधारते व पडण्याची भीतीही घटते.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. रोजच्या गोळीची आठवण घरच्यांनीच ठेवावयाची असते. ज्येष्ठांसाठी मार्गदर्शन १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य मिळते.