नॅशनल मेमोरिअल आर्बोरेटम, ऑल्रिवस

इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातील राष्ट्रीय स्मृतिवन. लिचफील्ड शहराच्या ईशान्येस, ऑल्रिवस गावालगत, टेम व ट्रेंट या नद्यांच्या संगमाजवळ ते वसले आहे. क्षेत्रफळ सु. १५० एकर. युद्धात, पोलीस व अग्निशमन सेवेत, व्यापारी जहाजांवर, तसेच नागरी जीवनात प्राण गमावलेल्यांची सु. ४०० स्मारके येथे हजारो झाडांच्या सहवासात उभी आहेत. ही दफनभूमी नव्हे. येथे थडगी नाहीत.

निवृत्त नौदल अधिकारी डेव्हिड चाइल्ड्स यांना ही कल्पना १९८८ मध्ये वॉशिंग्टनजवळील आर्लिंग्टन दफनभूमी आणि वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय वृक्षोद्यान पाहून सुचली. जागा मिळाली ती वाळू-खडी काढून झालेल्या खाणींची. १९९७ मध्ये लागवड सुरू झाली आणि मे २००१ मध्ये वन लोकांसाठी खुले झाले. २००३ पासून ते रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेकडे आहे. उकरून टाकलेल्या, पुराचे पाणी शिरणाऱ्या या जमिनीवर इतकी झाडे जगवली, याचे श्रेय माळ्यांना आणि स्वयंसेवकांना द्यायलाच हवे.

झाडांची निवड विचारपूर्वक झाली आहे. पोलिसांच्या ‘द बीट’ या वाटेवर दुतर्फा हॉर्स चेस्टनट आहेत, कारण जुन्या काळी पोलिसांचे दंडुके याच लाकडाचे होत. व्यापारी नौदलाच्या स्मारकात २,५३५ ओक आहेत. दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या प्रत्येक ब्रिटिश व्यापारी जहाजामागे एक. या जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. डेकवर अनेक जण रत्नागिरीकडचे, तर जेवणखाण व खोल्यांच्या कामावर बहुतेक गोवेकर. त्या युद्धात मेलेल्या भारतीय खलाशांची नोंदवही मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. त्यामुळे मराठी वाचकाने या ओकांपाशी जरा जास्त वेळ थांबावे.

वनाच्या पूर्व कडेला, पहाटेचे ऊन आधी पोहोचते तेथे, ‘शॉट ॲट डॉन’ हे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्यानेच आपल्या ज्या सैनिकांना पहाटे गोळ्या घातल्या, त्यांचे हे स्मारक. मधोमध डोळ्यांवर पट्टी आणि हात मागे बांधलेला एक पोरगेला सैनिक उभा आहे. शिल्पकार अँडी डिकॉमिन यांनी तो हर्बर्ट बर्डन या शिपायावरून घडवला. बर्डन खोटे वय सांगून भरती झाला होता. जुलै १९१५ मध्ये त्याला मारले तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पुतळ्यामागे अर्धवर्तुळात लाकडी खुंट रोवले आहेत, प्रत्येकावर एक नाव. समोरची सहा झाडे म्हणजे गोळ्या झाडणारी तुकडी. या सैनिकांपैकी बहुतेकांना २००६ च्या कायद्याने माफी मिळाली. स्मारक मात्र त्याआधी पाच वर्षे उभे होते. ज्यांची नावे घरातही दबक्या आवाजात घेतली जात, त्यांना इतर हुतात्म्यांच्या शेजारी जागा देणे हे या वनाचे सर्वांत धाडसी काम आहे.

सर्वांत मोठी वास्तू म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेमोरिअल. लिअम ओकॉनर यांचा आराखडा, इअन रँक-ब्रॉडली यांची शिल्पे. राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत ऑक्टोबर २००७ मध्ये त्याचे समर्पण झाले. प्राचीन दफन-टेकाडासारख्या उंचवट्यावर पोर्टलंड दगडाच्या वर्तुळाकार भिंती आहेत. त्यांवर दुसऱ्या महायुद्धानंतर सेवेत असताना मृत्यू आलेल्या १६,००० हून अधिक जणांची नावे कोरली आहेत. भिंतीतील एका फटीतून ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता, ढग नसतील तर, सूर्यकिरण मधल्या पुष्पचक्र-शिल्पावर पडतो. पुढील नावांसाठी भिंतींवर कोरी जागा राखून ठेवली आहे, आणि खरी अस्वस्थता तीच जागा देते.

दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या मूळ रुळांचा तुकडा, बचावनौका संस्थेची बाग आणि मृत जन्मलेल्या व नवजात बालकांची स्मृतिबागही येथे आहे. ‘बलिदान’ या शब्दात न बसणारे दुःखही येथे सामावून घेतले आहे, हे योग्यच झाले.

प्रवेश विनामूल्य आहे. वाहनतळाला शुल्क पडते. जवळचे प्रवासी रेल्वेस्थानक लिचफील्ड ट्रेंट व्हॅली. सकाळी लवकर पोहोचून आधी पूर्वेकडच्या खुंटांकडे जावे. ओल्या दिवसांत गवतावरच्या वाटा निसरड्या होतात; पायांत चांगले बूट असावेत.